अख्खं गाणं येत नाही

मुंबईच्या स्टुडिओंमध्ये मी तीसेक वर्षं गिटार वाजवली. किती गाण्यांत वाजवली, ते सांगता येणार नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांतच मोजणं सुटलं.

आमचं गाव निमगाव सावा. पूर्वी आमच्या घरची माणसं मेंढरं घेऊन कोकणात उतरायची. वडिलांच्या काळात ते थांबलं आणि शेती आली. थोरल्या भावानं शेती धरली, पण दहा-बारा मेंढरं दावणीला ठेवलीच. मी मात्र वरातीत वाजणाऱ्या बेंजोच्या मागं लागलो. नारायणगावच्या एका बेंजो पार्टीत शिरलो. तिथं मालकाकडं एक गिटार नुसतीच पडून होती, कुणाला वाजवता येत नव्हती. कॅसेट लावायची, थांबवायची, बोटं शोधायची, असं करत मी ती शिकलो. एका लग्नात मुंबईचे एक संगीत संयोजक पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी ऐकलं आणि मला मुंबईला बोलावलं.

तिथं माझं चांगलं चाललं. लवकरच समजलं की मी चुकत नाही, आणि या धंद्यात न चुकणाऱ्या माणसाला फार काम असतं. सकाळी देवाची गाणी, दुपारी मालिकेचं शीर्षकगीत, संध्याकाळी साबणाची जाहिरात. काचेच्या खोलीत बसायचं, कानाला हेडफोन लावायचा. त्यात ठोका वाजत असायचा, टक टक टक टक. संयोजक सांगायचे, "दुसऱ्या कडव्याच्या आधीचा पीस दे." मी तेवढाच तुकडा वाजवायचो. गायक दुसऱ्याच कुठल्या तरी दिवशी येऊन गायचा. कितीतरी गायकांच्या गाण्यात मी आहे आणि त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. काही गाण्यांचे शब्दही मला ठाऊक नव्हते. भीमाशंकरावरची किती गाणी मी वाजवली असतील! तरी मी भीमाशंकरला गेलो तो पार चाळिशीत.

आईला या सगळ्याचा फार अभिमान. सुट्टीला घरी गेलो की ती रेडिओजवळ बसायची आणि प्रत्येक गाण्याला विचारायची, "ह्यात तू हाईस का?" मी बऱ्याचदा हो म्हणायचो. कधी ते खरं असायचं.

एकदा तिला लेण्याद्रीला घेऊन गेलो. पायऱ्या चढून गणपतीचं दर्शन घेतलं, उतरलो, आणि खाली नारळ-प्रसादाच्या एका दुकानासमोर ती दम खायला बसली. दुकानात गणपतीचं गाणं लागलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. ते माझंच होतं, अगदी खरं. सुरुवातीची सगळी गिटार माझी. मी मान हलवली. तशी ती उठली आणि दुकानदाराला म्हणाली, "हे वाजवणारा माझा ल्योक हाय."

दुकानदार भला माणूस होता. त्यानं सीडीचं कव्हर काढून नीट वाचलं. गायकाचं नाव होतं, गीतकाराचं होतं, संगीतकाराचं होतं, कंपनीचा पत्ताही होता. त्यानं कव्हर उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. मग आईला पाणी दिलं आणि म्हणाला, "बसा आज्जी, ऊन लई हाय."

आई पाणी प्याली. आम्ही जुन्नरच्या एसटीत बसलो. मी तिला सांगत होतो की आमच्या लाइनीत वाजवणाऱ्यांची नावं टाकायची पद्धत नाही, कुणाचीच टाकत नाहीत. ती म्हणाली, "आसंल." त्यानंतर ती दोन वर्षं जगली. रेडिओ लागायचा, पण तिनं मला पुन्हा कधी विचारलं नाही. ती गेली तेव्हा मी स्टुडिओत होतो. हळदीचं गाणं चाललं होतं. फोन बाहेर ठेवावा लागायचा. मी शांतपणे तीन पीस दिले, संयोजक खूश झाले, आणि बाहेर येऊन फोन पाहिला.

पुढं एका नव्या, तरुण संयोजकानं मला बोलावलं. म्हणाला, या वेळी गाणं नाही. दोन दिवस बसायचं आणि गिटारीचा एकेक सूर वेगळा वाजवायचा. प्रत्येक तार, प्रत्येक पडदा. आधी हळू, मग मध्यम, मग जोरात. मग सगळे स्ट्रोक, वरून, खालून, तार दाबून, तार सोडून. मी नाही का म्हणावं? उलट मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी फक्त माझी गिटार ऐकत होतं. त्या दिवशी माझ्या उजव्या अंगठ्याचं नख एका कडेनं फाटलं होतं, त्यामुळं जाड तारेवर बारीकशी खरखर यायची. मी म्हटलं, नख वाढू दे, पुढच्या आठवड्यात करू. तो म्हणाला, "असू द्या काका, तेच खरं वाटतं."

त्यानंतर कामं कमी होत गेली. एकदम नाही, जनावराचं दूध आटतं तशी. आठवड्यात चार दिवस, मग दोन, मग फोन आला की बायको धावत आणून द्यायची आणि तो बँकेचा निघायचा. मला वाटलं, नवी पोरं आली असतील. एक दिवस रिक्षात एक गाणं लागलं. ते मी वाजवलं नव्हतं. पण जाड तारेवर ती बारीक खरखर होती. रिक्षावाल्याला मी आवाज वाढवायला सांगितलं. खरखर परत आली, त्याच जागी, तश्शीच.

मी त्या संयोजकाला फोन केला. त्यानं लपवलं नाही. त्या दोन दिवसांत घेतलेले सूर आता कॉम्प्युटरवर बसून बोटानं दाबले की हवं ते वाजतं, असं त्यानं समजावून सांगितलं. मग म्हणाला, "काका, आवाज तुमचाच आहे ना? फक्त तुम्हाला यायची दगदग नाही." तो मनापासून बोलत होता. त्याला वाटत होतं, मला बरं वाटेल.

आम्ही मुंबई सोडली आणि गावी आलो. भावानं मागची खोली रिकामी करून दिली. किती दिवस, पुढं काय, असं काही विचारलं नाही. एके सकाळी तो मेंढरं सोडून आला, ओट्यावर बसला आणि मला म्हणाला, "तुझं वाजवणं मी कधी समोर ऐकलंच न्हाई रे. एखादं गाणं वाजव की. पुरं."

मी गिटार काढली, सूर लावले. भावजय आली, बायको दाराशी उभी राहिली. मी सुरुवातीचा एक पीस वाजवला. तो संपला आणि पुढं काही नव्हतं. पुढं गायक गातो, मी थांबतो. मी दुसरं सुरू केलं. तेही तसंच संपलं. मग तिसरं. कानात ठोका नव्हता, त्यामुळं हात पुढं पळत होता. इतक्या वर्षांत माणसांसमोर बसून मी काही वाजवलंच नव्हतं. हजारो गाण्यांचे तुकडे बोटांत होते आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत येईल असं एकही नव्हतं.

भाऊ म्हणाला, "ऱ्हाऊ दे. दमला आसशील." आणि मेंढरांकडं गेला.

आम्ही दोघंच उरल्यावर बायको हळूच म्हणाली, "तुमी घरी रोज तेवढंच वाजवायचा. मला वाटायचं, उरलेलं गाणं तिकडं वाजवत आसाल."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं, इतकी वर्षं.

मग मी हट्टानं बसलो. स्वतःचं एक काहीतरी बांधायचं, छोटं का असेना. महिनाभर रोज बसलो. जे सुचायचं ते चार ओळींनंतर ओळखीचं निघायचं. हे अमक्या मालिकेचं, हे तमक्या तेलाचं. माझं म्हणून काही शोधायला गेलो की दुसऱ्याच्या गाण्यात निघायचो. एक दिवस उठलो आणि गिटार कापडात बांधून माळ्यावर टाकली. बायकोनं पाहिलं. ती चहा ठेवायला आत गेली.

आता भावाबरोबर सोमवारी बेल्ह्याच्या बाजाराला जातो. मला मेंढरातलं काही कळत नाही, दोरी धरायला मात्र जमतं. परवा मंचरकडचा एक व्यापारी आला होता. मेंढीच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि भावाला विचारलं, "हे पावणं कोण?"

"धाकला भाऊ," भाऊ म्हणाला. "मुंबईला कंपनीत व्हता."

व्यापाऱ्यानं विचारलं, कुठल्या कंपनीत. भावानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "बंद पडली ती." व्यापारी म्हणाला, सगळीकडं तेच चाललंय, आणि पुढच्या मेंढीचं तोंड उघडून दात बघायला लागला.