सगळ्यात हळू चालणारा पुढे

ओडेसा प्रुइटला रागवायला कारण लागत नाही, असं तिच्या वॉट्स वस्तीतले लोक म्हणत. ते खोटं होतं. कारण दरवेळी असे, फक्त ऐकून घ्यायला कुणाला सवड नसे.

सत्तावीस वर्षं तिनं लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर बस चालवली. पावसानं हवा धुतली गेली की समोरच्या काचेतून उत्तरेला डोंगर दिसायचे, एवढीच त्यांची ओळख. एक्कावन्नाव्या वर्षी एका मैत्रिणीनं तिला ओढत वर नेलं. घरी आल्यावर ओडेसा हरखली नाही, संतापली. तासाभराच्या अंतरावर एवढं सगळं होतं आणि आपल्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही? शाळेनं नाही, चर्चनं नाही, कुणी म्हणजे कुणीच नाही. खरं तर त्या पहिल्या फेरीत तिनं डोंगर धड पाहिलाच नव्हता. सापाच्या भीतीनं चार तास नुसते स्वतःचे बूट पाहिले होते. डोंगर दिसला तो दुसऱ्या वेळी.

निवृत्त झाल्यावर ती वस्तीतल्या पोरापोरींना दर शनिवारी वर न्यायला लागली. पोरं नवे पांढरेशुभ्र स्नीकर्स घालून यायची, कारण बाहेर जायचं तर चांगलं घालून जायचं, ही आयांची शिकवण. ओडेसा ते काढायला लावून गॅरेजमधले जुने बूट द्यायची. वाटेवर नियम एकच. सगळ्यात हळू चालणारा सर्वांत पुढे, त्याला कुणी ओलांडायचं नाही, आणि म्होरक्या सगळ्यात मागे. मागे ती स्वतः.

पोरांना न्यायची व्हॅन एका संस्थेची होती. संस्था मोजायची ती फक्त पहिल्यांदा आलेली मुलं. एकदा डोंगर दाखवला की ते मूल 'झालं'.

"डोंगर म्हणजे देवीची लस आहे का?" ओडेसा फणकारायची. "एकदा टोचली की जन्मभराची चिंता मिटली?"

तरी दोन-तीन जागा ती जुन्यांसाठी गुपचूप राखून ठेवी. त्यातली एक येसेनिया बराझाची. सतरा वर्षांची ही पोरगी तेरा वेळा वर जाऊन आली होती. वाटेवरचं कुठलं वळण निसरडं आहे, कुठं पाणी मिळतं, तिला सगळं पाठ होतं. पुढंमागं हीच म्होरकी होणार, हे ओडेसानं मनात पक्कं केलं होतं.

मार्चमध्ये संस्थेचे ग्रॅहम एलरी कॅमेरा घेऊन आले. त्यांच्या चित्रफितीवर पुढच्या वर्षीची व्हॅन ठरणार होती. ते पायथ्याशी भेटणार होते, म्हणून व्हॅनमध्येच ओडेसानं आजवर कधी केलं नव्हतं ते केलं.

"आज सगळे पहिल्यांदा आलायत. कळलं?"

पोरं हसली. येसेनिया हसली नाही.

"मीपण, मिस ओडेसा?"

"तूपण."

चढावर एलरींना धाप लागली, तेव्हा नियमाप्रमाणे तेच पुढे. "सावकाश चाला साहेब," मागून डेमॅरियन नावाचा पोरगा म्हणाला, "तुम्हाला ओलांडायची परवानगीच नाहीये आम्हाला."

माथ्यावर एलरींनी येसेनियाला खडकावर उभं केलं. आधी दरीकडं पाठ करायची, मग वळायचं आणि पहिल्यांदाच पाहतोय असा चेहरा करायचा. तिनं केला. "अजून थोडा," ते म्हणाले. तिनं अजून थोडा केला. तिसऱ्या वेळी ती कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "मी असं काही कधीच पाहिलं नव्हतं." एलरी खूश झाले. मग तिनं ओडेसाकडं पाहिलं, आणि ओडेसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिला राग स्वतःचाच आला.

"पुसा ते," ती म्हणाली. "ही चौदाव्यांदा आलीय. व्हॅनसाठी खोटं बोल असं मी सांगितलं तिला. लाज माझी आहे, तिची नाही."

"मिसेस प्रुइट, आपलं उद्दिष्ट..."

"पाठ आहे मला. एकदा दाखवायचं आणि दार लावून घ्यायचं. तुमची स्वतःची मुलं डोंगरावर एकदाच जातात का हो?"

एलरींनी कॅमेरा पिशवीत टाकला. उतरतानाही तेच पुढे होते.

गुरुवारी पत्र आलं. व्हॅन गेली.

शनिवारी सकाळी सातला ओडेसा बुटांच्या दोन पिशव्या घेऊन बस थांब्यावर उभी राहिली. दोन वेळा बस बदलायची आणि शेवटी दोन मैल डांबरी रस्ता. त्यात तिचा डावा गुडघा वैऱ्यासारखा वागत होता. कुणी येणार नाही, हे ती धरूनच चालली होती. सहाजण आले. शेवटी येसेनिया. तिनं ओडेसाकडं न बघता पिशवीतून बूट काढले आणि बसमध्ये सगळ्यात मागे जाऊन बसली. माफी मागायची म्हणून ओडेसानं दोनदा मान वळवली आणि दोनदा परत फिरवली.

डांबरी रस्ता संपेस्तोवर गुडघा टम्म सुजला. तरी पायथ्याशी ती सवयीनं रांगेच्या शेवटी गेली. तिथं येसेनिया आधीच उभी होती.

"तुम्ही पुढे व्हा, मिस ओडेसा."

"म्होरक्या मागे असतो गं."

"म्हणून तर मी मागे आहे."

"माझ्या गुडघ्याला काहीएक झालेलं नाही."

"नियम तुमचाच आहे," येसेनिया म्हणाली. तिचा आवाज अजून रागावलेलाच होता.

ओडेसा पुढे झाली. व्हॅनला, संस्थेला, डांबराला आणि गुडघ्याला शिव्या घालत ती वाटेला लागली. दर वीस पावलांवर तिला थांबावं लागत होतं. मागे बुटांचे सहा जोडही थांबत होते. माथ्यापर्यंत तिला कुणी ओलांडलं नाही.