फिजी आणि पडवीतली लाकडं

आमच्या ह्यांना रग्बीचं खूळ लागलं ते जहाजावर. घर गोव्याच्या हद्दीवरच्या कॅसलरॉकच्या जंगलात आणि माणूस उभा जन्म समुद्रावर, मालवाहू जहाजाच्या भटारखान्यात. तिथं इंजिनाकडे काम करणारा एक फिजीचा गडी होता. रात्रंदिवस ह्यांच्या हातची डाळ आणि भात खायचा, आणि जेवण झालं की ह्यांना टीव्हीसमोर बसवून तो खेळ समजावून सांगायचा. आमच्या ह्यांचं मीठ खाल्लं त्यानं आणि बदल्यात हा रोग दिला.

नोकरी सुटली तेव्हा हे एक ट्रंक आणि नारळासारखा लांबट चेंडू घेऊन घरी आले. मी तेव्हा अंगणवाडीत होते. मुलं चेंडू बघून म्हणाली, "बाई, ह्यो कुणीतरी चेपलाय." ह्यांनी मुलांना अंगणात उभं करून शिकवायला घेतलं की चेंडू हातानं द्यायचा तो मागच्यालाच द्यायचा, पण पळायचं मात्र पुढं. मुलांना पटेना. मलाही पटलं नव्हतं, पण मला कोण विचारतंय!

गावात ह्यांनी दोन चेले मिळवले. एक शेजारचे भावजी, रेल्वेत गँगमन होते, आता निवृत्त. त्यांना आधी सगळा खेळ म्हणजे मारामारी वाटायची. मग एकदा त्यांनी स्क्रम बघितला, दोन्हीकडचे आडदांड गडी मान खाली घालून एकमेकांना रेटतात तो. भावजी ताडकन उठले. "आरं, ह्यो तर बँकर!" गोव्यातल्या कुळ्यावरून घाट चढून मालगाडी वर येते तेव्हा तिला मागून रेटायला जादा इंजिनं लावतात, त्यांना इथं बँकर म्हणतात. भावजींची सगळी नोकरी त्यांच्या धडधडीत गेली. त्या दिवसापासून रेटण्यात तरबेज असलेली दक्षिण आफ्रिका त्यांची झाली.

दुसरे रामनगरचे गिरणीवाले अण्णा, मूळचे खानापूरकडचे. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नाही. न्यूझीलंडचे लोक सामन्याआधी मांड्या थोपटून, जिभा काढून नाचतात, तेवढं बघून त्यांनी हात जोडले होते. "अंगात आलंय की हो त्यांच्या. असल्यांना कोण हरवणार?" संपला विषय.

वर्ल्ड कप सुरू व्हायच्या आधी आमच्या पडवीत ह्या तिघांची बैठक बसायची. कुठला संघ कसा, कोण दुखावलाय, कोण म्हातारा झालाय, कुणाच्या गटात कोण, असा दिवसभर काथ्याकूट. शेवटी सुपारी. आमच्याकडे शब्द दिला की सुपारी ठेवतात, सोयरीक असो, लावणीला माणसं द्यायची असोत. एकदा ठेवली की माघार नाही. तशी हे तिघं पडवीच्या कोनाड्यात आपापल्या संघाची सुपारी ठेवायचे आणि फायनल होईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा केर काढताना त्या कोनाड्याला वळसा घालायची.

ह्यांची सुपारी कायम फिजीची. फिजी कधी उपांत्यपूर्व फेरीच्या पुढं गेली नाही. अण्णा चिडवायचे, "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच." हे म्हणायचे, "त्या गड्यानं माझ्या हातचं खाल्लंय. त्याचा संघ सोडून कुणाचा धरू?" आणि फिजीबद्दल कुणी चुकीचं बोललं की झोपेतून उठून भांडायला यायचे. एरवी हा माणूस गरीब गाय. कधी मला "चहात साखर कमी पडली" म्हणाला नाही.

यंदाच्या शिमग्यानंतर ह्यांना झटका आला. बेळगावला नेलं, बरेच दिवस ठेवलं, आणि परत आणलं ते असं की उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली, डोळे तेवढे उघडे. डॉक्टर म्हणाले, "आतून किती समजतंय ते सांगता येत नाही. तुम्ही बोलत राहा." मी बोलले की. शेजारणीचं बोलले, गाईचं बोलले, कुठली गाडी लेट आहे ते बोलले. डोळे आढ्याकडे ते आढ्याकडेच. भिंतीशी माणूस किती दिवस बोलणार? बोलणं आपोआप आटलं.

मी रडले नाही. लोकांना वाटायचं बाई धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा! मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी कळत नाही, तशी मी अख्खी झाले होते. नळीनं पेज घालायची, अंग पुसायचं, कूस बदलायची. बायका येऊन डोळे पुसायच्या आणि मी त्यांना चहा करून द्यायची. त्यांचं बघून मलाही रडू यावं असं वाटायचं. यायचं नाही.

मे महिन्यात लाकडाचं काम निघालं. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. आमच्याकडे मिरगापासून गणेशचवथीपर्यंत पाऊस असा कोसळतो की रानातलं सोडा, घरातलं लाकूडही पाझरतं. ओल्या लाकडावर माणूस जळत नाही. म्हणून ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल, त्या घरानं पावसाआधी सरणाची लाकडं वेगळी काढून सुकी ठेवायची. ह्यात अभद्र काही नाही. उलट जे ठेवत नाहीत त्यांना गाव नावं ठेवतं. आमच्या शेताच्या बांधावरचा किंदळ वठला होता, तो भावजींनी माणसं लावून फोडून आणला.

ठेवायचा कुठं? माळ्यावर भाताचं बी. गोठा गळतो. घरात खडखडीत कोरडी जागा एकच, पडवीतली चुलीच्या पाठची भिंत. आणि ह्यांचा पलंगही पडवीतच, कारण ह्यांना रेल्वेगाडीचा आवाज ऐकायची सवय. त्यामुळे पलंगाच्या पायथ्याशी, अगदी ह्यांच्या डोळ्यांसमोर, ती लाकडं रचली. मी देत होते, भावजी रचत होते. मध्येच थांबून त्यांनी पलंगाकडे नजर टाकली, अंदाज घेतला आणि म्हणाले, "वैनी, माणूस उंच हाय. एवढ्यानं भागायचं न्हाई. आनि एक थर घालूया."

मी म्हटलं, "घाला की. नंतर भिजत कुठं हिंडायचं?"

भावजींनी थर घातला. वर प्लास्टिक टाकलं, तेही अर्धंच, वारा लागावा म्हणून. मी हात धुतले आणि एक काम उरकलं म्हणून बरं वाटलं. त्या सगळ्या महिन्यांत तेवढंच काय ते बरं वाटलेलं आठवतं.

श्रावणात एका दुपारी भावजी आणि अण्णा दोघं आले. फ्रान्समधला वर्ल्ड कप तोंडावर आला होता. दोघंही उंबऱ्यात अंग चोरून उभे. अण्णा म्हणाले, "अक्का, ह्याच्याबिगर बैठक कशी घालायची? आनि न्हाई घातली तर ह्याला काय वाटंल?"

"त्यांना काय वाटायचंय," मी म्हटलं. "बसा. चहा ठेवते."

भावजी माझ्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "वैनी, आमी उलटंसुलटं बोलनार हाय. ह्याला राग आनायचा. आत कुठं असला तर येईल बाहेर."

मला हसू आलं नाही की राग आला नाही. म्हटलं, बघा.

बैठक सुरू झाली. भावजी रेंजसाठी स्टेशनवर जाऊन मोबाईलवर सगळं वाचून आले होते. आयर्लंड पहिल्या नंबरवर हाय, पन ऐन वक्ताला पाय लटपटतात त्यांचे. फ्रान्सचं घरचं मैदान. दक्षिण आफ्रिका मागच्या खेपेचे विजेते, त्यांचे बँकर अजून शाबूत. अण्णा म्हणाले, न्यूझीलंडचा नाच अजून तोच हाय न्हवं, मग झालं तर! फिजीनं सरावाच्या सामन्यात इंग्लंडला इंग्लंडात जाऊन हरवलं होतं, ती बातमी मात्र दोघांनी मुद्दाम गिळली.

मग अण्णांनी सूर लावला. "फिजीचं काय खरं न्हाई. यंदा पोर्तुगालसुद्धा हरवनार त्यांना."

पोर्तुगाल! गोव्याचे जुने मालक रग्बी खेळतात हेच मला तेव्हा कळलं. (पुढं पोर्तुगालनं खरंच हरवलं, ते सोडा.) भावजींनी री ओढली. "फिजीला रेटायला येतच न्हाई. नुसती पळापळ. जहाजावरची भांडी घासनारी मानसं ती." एवढ्यावर तर हे उठून उंबऱ्याबाहेर काढायचे. ह्यांनी पापणीही हलवली नाही. भावजींनी टॉवेलानं तोंड पुसलं. मी चहाचे पेले उचलले.

उठायच्या आधी सुपारी. अण्णांनी न्यूझीलंडची ठेवली, भावजींनी दक्षिण आफ्रिकेची. तिसरी भावजींच्या हातात राहिली. मी म्हटलं, "ठेवा की फिजीची म्हणून. विचारायचं काय त्यात?"

"तसं न्हाई चालत, वैनी. ज्याची त्यानंच ठेवायची."

त्यांनी ती ह्यांच्या डाव्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटवली. हात पलंगाच्या कडेला आणून धरला, खाली पितळेची ताटली ठेवली. "दोस्ता, तुझा संघ आला की सोड." आणि वाढणी केल्यासारखे सावकाश एकेक नाव घेऊ लागले. आयर्लंड. काही नाही. फ्रान्स. काही नाही. इंग्लंड. न्यूझीलंड, तिथं अण्णा पुढं वाकले. काही नाही. फिजी.

सुपारी ताटलीत पडली.

"निसटली असंल," मी म्हटलं. मला तसंच वाटलं होतं. भावजींनी पुन्हा हातात दिली, नावांचा क्रम बदलला, फिजी मध्येच घेतलं. पडली. तिसऱ्यांदा फिजी घेतलंच नाही. सगळी नावं संपली तरी मूठ मिटलेलीच. "आरं लबाडा, मी फिजी म्हनलोच न्हाई न्हवं!" भावजी ओरडले, आणि सुपारी पडली.

अण्णा लहान पोरासारखे हुंदके देऊन रडू लागले. भावजी ह्यांच्या छातीवर डोकं टेकून, "हाईस की रं, हाईस की," एवढंच म्हणत होते. मी ताटली घेऊन उभी होते. ह्यांचे डोळे आता आढ्याकडे नव्हते. समोर होते. ते कुठं बघतायत म्हणून मी मागं वळले, तर लाकडं.

भावजींनीही माझ्याबरोबरच तिकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं. मग ते टोपी घालून अण्णांना घेऊन निघून गेले.

मी पलंगावर बसले. सुपारी ह्यांच्या हातात दिली. "अहो, लाकडं रचताना आम्ही काय बोललो, ते ऐकलं होतं तुम्ही?"

सुपारी पडली.

सबंध पावसाळा. सकाळी डोळे उघडले की समोर आपलंच सरण, आणि त्याच्यावर थर वाढवा म्हणणारी बायको. चेंडू मागं टाकत पुढं पळणारा हा माणूस तिथं पडून काय विचार करत असेल, हे मी एकदाही मनात आणलं नव्हतं. बधिर झालेल्या पायात रक्त उतरायला लागलं की कशा मुंग्या येतात, पाय नकोसा होतो. तसं झालं मला. बसवेना, उठवेना. त्यांच्या हातावर तोंड ठेवलं आणि मग जे रडले ते रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टिक ओढून काढलं. वरचा थर, तोच तो उंच माणसासाठी घातलेला, एकेक लाकूड ह्यांच्यासमोरून उचलून न्हाणीत नेला आणि चुलीत घातला. किंदळ इतका सुकलेला की काडी लावताच पेटला. हंडाभर पाणी कढत झालं. त्या पाण्यानं ह्यांना अंघोळ घातली, नुसती फडक्यानं अंग पुसण्यातली नाही, खरी अंघोळ.

धूर बघून भावजी धावत आले. "वैनी! ही लाकडं? भर पावसात काय झालं तर कुठनं आनायची मग?"

"आणायची न्हाईतच," मी म्हटलं.

पाऊस तेव्हा पुन्हा धरला होता. मी ह्यांना कोरडं केलं, केस विंचरले, उशाला टेकवून बसवलं आणि सुपारी हातात दिली. "ऐका. मी रोज ह्याच लाकडांवर पाणी तापवणार हाय. चवथीपर्यंत एक ढलपी राहायची न्हाई घरात. तेव्हा वर्ल्ड कपची फायनल होऊन, पाऊस जाऊन, रान सुकेपर्यंत तुम्ही कुठंही जायचं न्हाई. फिजी हरली तरी जायचं न्हाई. कबूल असंल तर सोडा."

त्यांनी वेळ घेतला. इतका की भावजी दारातच खाली बसले. मग बोटं उघडली. मी ताटली धरायला विसरले होते. सुपारी जमिनीवर पडली, घरंगळत गेली आणि लाकडांखाली शिरली, आणि ती काढायला भावजींना नि मला उरलेली सगळी लाकडं पडवीतून हलवावी लागली.