आवाज नसलेल्या तीन गिटारी

“हिच्यात बी आवाज न्हाई, ताई,” म्हणत वसंतकाकांनी तिसरी गिटार काउंटरवर ठेवली. तारांवरून त्यांचा हात निघाला होता, तरी ती अजून वाजत होती. मला ती स्वच्छ ऐकू येत होती.

सांगलीत वाद्यांच्या एका दुकानात मी नोकरीला आहे. गिटार विकणं, तारा बदलणं, आतलं वायरिंग सोल्डर करणं, ही माझी कामं. जतकडच्या मेंढपाळाच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.एस्सी. झाले तेव्हा कुणी दारात उभं करत नव्हतं. दुकानाचे मालक अण्णा यांनी माझं सर्टिफिकेट बाजूला ठेवलं, आवाज मोठा करणारा एक बंद पडलेला अ‍ॅम्प पुढं केला आणि तो सुरू झाल्यावर म्हणाले, “उद्यापासून ये की.” ते उपकार मी विसरलेले नाही.

वसंतकाका मेढ्याकडचे. त्यांची अर्धी हयात ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवण्यात गेली. जत्रांच्या स्टेजवर एका बाजूला ड्रम, दुसऱ्या बाजूला माणसाएवढा स्पीकर आणि मधे हे. पुढं गावं डीजे आणायला लागली आणि ऑर्केस्ट्रा मोडला. आता त्यांच्या भागातल्या एका रिसॉर्टनं बोलावलं होतं. शनिवारी वाजवून दाखवायचं, पसंत पडलं तर दर शनिवार-रविवार काम. अट अशी, की रात्री दहापर्यंत स्पीकर चालेल, त्यानंतर शेकोटीभोवती नुसती लाकडी गिटार.

“एवढंच एक काम हाय आता,” त्यांच्या बायको शालनकाकी मला म्हणाल्या. “दुसरं कोण बोलवत न्हाई.” काकींचे गुडघे मिरजेच्या डॉक्टरांना दाखवून दोघं तसेच दुकानात आले होते. काकांची जुनी गिटार अण्णांकडूनच घेतलेली होती.

इलेक्ट्रिक गिटार भरीव लाकडाची असते. तिला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. तारांखालचं पिकअप, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तार, तारांची थरथर टिपतं आणि अ‍ॅम्प तिचा आवाज करतो. अकूस्टिक गिटार पोकळ असते, तिचं लाकूडच बोलतं. अकूस्टिक-इलेक्ट्रिकमध्ये दोन्ही सोयी. आत पिकअप, कडेला प्रीअ‍ॅम्प नावाची छोटी डबी, तिच्यावर आवाजाची बटणं. ट्रेबल वाढवलं की बारीक सूर वाढतात.

इलेक्ट्रिकवाल्या गिऱ्हाइकाला मी नेहमी पातळ बॉडीची गिटार देते. हाताला ओळखीची लागते. काकांनाही तशाच तीन दिल्या होत्या. तिन्ही नापास झाल्या.

“काका, चहा सांगू का?” मी त्यांच्या मागून शेल्फकडं जाताना विचारलं. ते काही बोलले नाहीत.

“सांग बाई,” काकी म्हणाल्या. “त्यास्नी दोनदा इचारावं लागतं. घरात तर धा वेळा.”

“आमचं बी तसंच हाय,” अण्णा हसले. “बायकोचं पहिल्या हाकेला ऐकलं की सवय लागती त्यांना.”

काकांनी वळून आम्हां सगळ्यांकडं बघितलं आणि तेही हसले. कशाला हसतोय हे त्यांना कळलं नव्हतं, असं आता वाटतं.

“वायर जोड,” ते म्हणाले. “तशी न्हाई कळायची गिटार.”

इलेक्ट्रिकवाले सगळे असंच करतात. लाकडाची गिटारसुद्धा वायर जोडून पारखतात. मी जोडून दिली. काका सुंदर वाजवत होते, त्यात शंका नव्हती. वाजवता वाजवता त्यांनी ट्रेबलचं बटण फिरवलं. आणखी फिरवलं. पार शेवटपर्यंत नेलं.

“आवं, कानात सुई घातल्यागत हुतंय,” काकी म्हणाल्या.

ते स्पीकरच्या बाजूला सरकले आणि शिट्टी सुरू झाली. याला फीडबॅक म्हणतात. स्पीकरचा आवाज गिटारीत शिरतो, गिटारीतून पुन्हा स्पीकरमध्ये, आणि वाढतच जातो. अण्णांनी कानांवर हात दाबले. रस्त्यावरचा एक माणूस थांबून आत बघायला लागला. काका वाजवत होते. डोळे मिटलेले, मान हलत होती.

मी बटण बंद केलं. त्यांनी डोळे उघडले. “का गं? आत्ता कुठं जरा जीव आला हुता तिच्यात.”

स्पीकर तपासायला माझ्या फोनमध्ये एक अ‍ॅप आहे. त्यातून एकच सलग सूर निघतो, तो जाड करत न्यावा किंवा बारीक. मी काकांना समोर बसवलं आणि म्हटलं, ऐकू आलं की मान डोलवा. जाड सुरांना ते मान डोलवत होते. मग मी सूर बारीक करत गेले. काकींनी पदराचा बोळा करून कानाला लावला. काका हसऱ्या चेहऱ्यानं फोनकडं बघत होते.

“पुढचा लाव की आता,” ते म्हणाले.

सूर चालूच होता.

काकांनी काकींच्या कानावरचा पदर बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

“म्हंजे गिटारी चांगल्या हाईत?”

“चांगल्या आहेत काका. तिन्ही.”

ते स्टुलावर बसून राहिले. काकी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “मला वाटायचं, मुद्दाम करत्यात. केवढं बोलले मी.” हे त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या. काकांचं तोंड दुसरीकडं होतं.

“आधी मिरजेला कान दाखवा,” अण्णा म्हणाले. “गिटार कुठं पळून जात न्हाई.”

“शनवार जाईल की, अण्णा.”

मला शाळेतली एक गोष्ट आठवली. विज्ञानाचे सर ट्यूनिंग फोर्क, म्हणजे दोन दात्यांचा वाजता चिमटा, कानामागच्या हाडाला टेकवायचे आणि आवाज डोक्याच्या आत यायचा. मी सगळ्यात मोठ्या बॉडीची गिटार काढली आणि काकांना तिच्या वरच्या कडेवर हनुवटी टेकवून वाजवायला सांगितलं.

त्यांनी एकच तार छेडली. मग परत तीच.

“आली,” ते म्हणाले.

बारीक सूर त्यानंही परत येणार नव्हते, पण लाकडाची थरथर जबड्यातून आत पोचत होती. तीच गिटार ठरली. अकूस्टिकच्या तारा जाड असतात, इलेक्ट्रिकवाल्याची बोटं त्यानं सोलतात, म्हणून मी त्यातल्या त्यात हलका संच चढवला. मग स्पीकरवर माझ्या कानानं ट्रेबल लावलं आणि बटणावर टेप चिकटवली.

“ह्याच्या पुढं न्यायचं नाही, काका. कमी वाटलं तरी.”

“कमीच वाटनार,” ते म्हणाले.

पुढं काय झालं ते मला काकींनी फोनवर सांगितलं. दहापर्यंत छान झालं, टेपला त्यांनी हात लावला नाही. शेकोटीपाशी त्यांनी हनुवटी टेकवून सुरुवात केली. तेव्हा मॅनेजर जवळ येऊन म्हणाला, गिटारवर डोकं ठेवून झोपल्यासारखं दिसतं, जरा पाहुण्यांकडं बघा, हसा. काकांनी मान वर केली. पाहुणे गात होते. त्यांच्या तोंडांकडं बघत काका वाजवत राहिले. शेवटी एकानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “काका, गाणं संपलं.”

मॅनेजर चांगला माणूस होता. कळवतो म्हणाला. पुन्हा फोन आला नाही.

मिरजेच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की कानाची नस गेलेली आहे, गेलेलं परत येत नाही. कानाच्या मशीननं बोलणं बरंच कळेल. काकांनी मशीन घेतलं.

पुढच्या वेळी दोघं काकींच्या गुडघ्यांसाठी मिरजेला आले, तेव्हा काका गिटार घेऊन दुकानात आले. मला वाटलं, परत द्यायला आणलीय. त्यांना नवीन तारा हव्या होत्या. वरच्या कडेचं पॉलिश हनुवटीएवढ्या जागेत गेलं होतं. टेप तशीच होती.

“कुठं वाजवता?” मी तोंड समोर ठेवून, सावकाश विचारलं.

“घरात. दार लावून.” मग काकींकडं बघून म्हणाले, “हिला ऐकू येतं म्हनती.”

“येतं,” काकी म्हणाल्या.

आता इलेक्ट्रिकवाला कुणी अकूस्टिक बघायला आला, की वायर जोडायच्या आधी मी त्याच्या मागून शेल्फकडं जाते आणि हळू आवाजात चहाचं विचारते. आमच्याकडं चहाला नाही म्हणणारं गिऱ्हाईक सहसा भेटत नाही. उत्तरच न देणारे भेटतात. त्यांच्यासाठी मी मोठ्या बॉडीची गिटार काढते, आणि ती त्यांच्या हातात देण्याआधी समोर बसून मिरजेच्या कानाच्या डॉक्टरांचं सांगते.