सरकत्या खोलीचा टेकू

जगात जे काही उभं आहे ते कुणीतरी खालून धरलंय म्हणूनच उभं आहे, आणि धरणाऱ्यांत आपली पाळी कधीही येऊ शकते, अशी माझ्या बायकोच्या मामांची पक्की समजूत आहे. पृथ्वी शेषनागाच्या फण्यावर आहे हे लहानपणी ऐकलं तेव्हा बाकीच्या पोरांना नागाची भीती वाटली. मामांना म्हणे त्याच्या मानेची काळजी लागली. "खाली उशी द्यायला नको का?" असं त्यांनी आजीला विचारलं होतं. त्यानंतर सत्तर वर्षं ते ही उशी घेऊन हिंडतायत असं म्हटलं तरी चालेल. त्यांच्या शर्टाच्या एका खिशात चष्मा आणि दुसऱ्यात पाचरी असतात. लाकडाच्या, रबराच्या आणि पुठ्ठ्याच्या. पुठ्ठा शर्टाच्या खोक्यातला, कारण कर्नाटकातल्या आमच्या या शहरात, जयनगरला, त्यांचं कापडाचं दुकान होतं. दुकान विकलं, पण पुठ्ठे काही त्यांनी विकू दिले नाहीत.

मामांबरोबर हॉटेलात जाणं ही धीराची गोष्ट. डोसा येण्याआधी माणसं वासावर असतात. मामा टेबलाच्या कोपऱ्यावर एक बोट ठेवून डॉक्टरसारखे नाडी बघत असतात. "स्वल्प हलतंय," असं पुटपुटून ते खाली जातात, ते सांबार निवेपर्यंत वर येत नाहीत. एकदा जयनगरच्या एका हॉटेलात नवा वेटर टेबलाबाहेर आलेले त्यांचे पाय बघून ओरडला, "अय्यो, अज्जा बिद्बिट्रु!" आजोबा पडले म्हणून दोघं-तिघं धावले, कुणी पाणी आणलं. मामा खालूनच म्हणाले, "पडलो नाही. तुमचं टेबल पडणार होतं." इंदिरानगरात नवी घरं झालीत, त्यांच्या बाल्कन्या खांबाशिवाय रस्त्यावर आलेल्या असतात. अशी बाल्कनी आली की मामा फुटपाथ सोडून भर रस्त्यात उतरतात. मागून रिक्षावाले काय काय बोलतात ते त्यांना ऐकू येत नाही. ते वर बघत असतात. मेट्रो मात्र त्यांना फार आवडते. "खांब बघ," म्हणतात, "खांब!" आत बसायला त्यांना तेवढंसं आवडत नाही, खालून जाताना आवडते.

आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत मामा नाहीत. बरीच वर्षं माझा समज होता की ते रुसले होते. पुढे मामींनी खरं सांगितलं. मंगलाष्टकांच्या आधी स्टेजची एक फळी त्यांना वाकलेली दिसली. मंडपवाल्याचा जॅक घेऊन ते स्टेजखाली गेले आणि शेवटचा पाहुणा आहेर देऊन उतरेपर्यंत तिथंच बसून राहिले. आम्ही वर हसत उभे, बरोबर आमच्या खाली आमचे मामा. मामी सांगताना हसून हसून पदर डोळ्यांना लावत होत्या. "मी आळस द्यायला हात वर केला तरी हे काखेत काठी लावतील," म्हणायच्या.

मग मामींची डावी बाजू गेली. पाच-सहा वर्षं त्या खिडकीजवळच्या पलंगावर होत्या, आणि मामांच्या विद्येला जन्मात पहिल्यांदा खरं काम मिळालं. पलंगाचं उशाकडचं टोक त्यांनी विटांवर चढवलं. कोपराखाली एक उशी, गुडघ्याखाली चादरीची वळकटी, मानेखाली मोहरीची पिशवी, पाठीशी दुकानातली लोडं. सकाळी अर्धा-पाऊण तास ही जुळवाजुळव चालायची, आणि शेवटी मामा पलंगाशी उकिडवे बसून आपलं डोकं मामींच्या डोक्याला लावून बघायचे. "दिसतो का रस्ता? फुलवाली दिसते?" मामी म्हणायच्या, "दिसतं हो सगळं. उशा पुरे झाल्या. आता तुम्ही बसा जरा." ते बसायचे, आणि बसल्या बसल्या त्यांचा हात एखाद्या उशीकडे जायचाच.

मामी गेल्यावर बायको मला म्हणाली, "मामांना रोज शेडवर नेत जा. घरात एकटे भिंतींना टेकू देत बसतील."

माझी शेड पीण्यात, कारखान्यांच्या वस्तीत आहे. आम्ही गाड्यांच्या बॉड्या बांधतो. अलीकडे कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरची घरं. मामा आले आणि आठवड्यात शेडमधलं एकही स्टूल हलतं राहिलं नाही. पोरं खूश. वेल्डर तर त्यांना मुद्दाम विचारायचा, "मामा, माझा संसार पण स्वल्प हलतोय, काही घाला ना." मामा गंभीरपणे म्हणायचे, "आधी दोन्ही बाजू सपाट आहेत का बघ."

त्याच सुमाराला इंदिरानगरच्या एका जोडप्यानं अशी कॅरव्हॅन मागितली की गाडी थांबली की बटण दाबायचं, आणि पलंगासकट एक छोटी खोली कुशीतून बाहेर सरकायची. पोरांनी तिचं नाव ड्रॉवर ठेवलं. चालताना ड्रॉवर बंद. मुक्कामाला उघडा, की आत फिरायला ऐसपैस जागा. खोली पहिल्यांदा बाहेर आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी वाजवल्या नाहीत. ते खाली वाकले, खोलीच्या पोटाखालून पलीकडचं ऊन दिसत होतं ते बघितलं, आणि म्हणाले, "हिच्याखाली काय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? माणसं निजणार ना हिच्यात?"

"मामा, ती गाडीच्या चौकटीत धरलेली आहे. रुळांवर आहे. वजन सगळं आत जातं."

"अधांतरी आहे असं म्हण."

हा वाद आमच्यात पुढं रोज चालला, चहाला, जेवणाला, घरी येताना सिग्नलला. आणि तो काही खुळा वाद नव्हता. या धंद्यातली अनुभवी माणसंही त्यावर भांडतात. मामांचं म्हणणं, नवीन आहे तोवर राहील, पण लोखंडही थकतं. रात्रभर चार माणसं त्या टोकाला निजली की ते आज केसभर वाकेल, उद्या बोटभर. एक जॅक लावला तर तुझं काय जातं? माझं म्हणणं, गाडी स्थिर नसते. ती टायरवर आणि स्प्रिंगवर उभी असते. माणूस चढला की बसते, उतरला की उठते. जॅक जमिनीवर उभा, तो बसत नाही. मग गाडी खाली जाणार आणि खोलीचं टोक जॅक वर धरून ठेवणार. पिरगळते ती खोलीच. टेकू द्यायचाच तर गाडीच्या चौकटीला चार कोपऱ्यांत द्यावा, खोलीला देऊ नये. मामा विचार करून म्हणाले, "मग जॅकला पण स्प्रिंग लाव." मी हसलो. तेव्हा मला हसू यायचं अजून.

गाडी दाखवायच्या दिवशी ते जोडपं आलं, बरोबर त्या गृहस्थांची आई. म्हातारी वजनानं चिमणीएवढी, काठी टेकत आली. खोली बाहेर काढली; त्या आत जाऊन पलंगावर बसल्या, खिडकीतून शेडबाहेरचं गुलमोहराचं झाड बघायला लागल्या. मी सुनेला स्वयंपाकाचा ओटा दाखवत होतो. मामा कुठं आहेत याकडे माझं लक्ष नव्हतं. आता मला कळतं, की खिडकीशी बसलेली म्हातारी बाई बघून ते दुसरीकडे कुठं असणार होते?

मग मुलगा चढला, सून होतीच, मी, वेल्डर. आजी पुढच्या खुर्चीत येऊन बसल्या. "आता बंद करून दाखवा," मुलगा म्हणाला. मी बटण दाबलं. मोटर कण्हली, खोली वीतभर आत आली, तिरकी झाली, आणि लोखंडाचा एक आवाज झाला, जो या धंद्यातला माणूस झोपेतही ओळखतो. रूळ वाकला. मी उडी मारून खाली उतरलो. खोलीच्या टोकाखालून जॅक घसरून आडवा झाला होता. चांगला घट्ट आवळून लावलेला असणार. शेजारी मामा उभे होते.

"आजी बसल्या होत्या रे तिथं," ते म्हणाले.

मी बोलका माणूस नाही. घरी काही बिनसलं की मी गप्प बसतो, ही बायकोची माझ्याबद्दलची कायमची तक्रार. त्या दिवशी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. गिऱ्हाइकांसमोर, पोरांसमोर मी म्हणालो, "मामींच्या उशा संपल्या म्हणून आता आमच्या गाड्यांना उशा लावत फिरू नका."

मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर रागात बोललो असं म्हणता आलं असतं. शांतपणे, प्रत्येक शब्द नीट ठेवून बोललो. मामांनी मान हलवली, गिऱ्हाईक मालाला नको म्हणाल्यावर दुकानात हलवायचे तशी. "सरी," म्हणाले, म्हणजे कानडीत 'बरं'. वाकून जॅक उचलला, पुसला आणि जागेवर नेऊन ठेवला.

रूळ बदलला, गाडी गेली, ते जोडपं तिच्यातून अर्धा कर्नाटक फिरून आलं. खोलीखाली जॅक लावायचा नाही, हे माझं बरोबर होतं, आजही आहे. तेच अडचणीचं. चुकलो असतो तर माफी मागून मोकळा झालो असतो. बरोबर असलेल्या माणसानं माफी कशी मागायची, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मामा शेडवर यायचे थांबले. बायकोला मी सांगितलं, "त्यांना प्रवास झेपत नाही." तिनं मान्य केलं. मी मामांना काय बोललो ते तिला आत्ता, हे वाचतानाच कळेल.

दोनेक महिन्यांनी तिनं डबा देऊन मला जयनगरला पाठवलं. मामांनी कॉफी केली. तिपाईवर ठेवली तर पेला डुगडुगला आणि कॉफी बशीत सांडली. मामांनी बशीतली कॉफी पेल्यात ओतली, बस. मी इकडंतिकडं बघितलं. कपाट पुढं झुकलेलं, त्याचं दार आपोआप उघडत होतं. टीव्ही एका अंगाला. घरभर जिथं जिथं पाचर होती तिथली त्यांनी काढून घेतली होती. एकच टेकू राहिला होता: खिडकीजवळच्या रिकाम्या पलंगाच्या उशाशी, विटा.

मी खिशातलं बिल घडी करून तिपाईखाली वाकलो. तिथं, मामांचा चेहरा दिसत नव्हता म्हणून असेल, मला बोलता आलं.

"मामा, खोलीखाली जॅक नकोच असतो."

"हूं."

"पण मी मामींचं नाव घ्यायला नको होतं."

मग मामा म्हणाले, "कागद काढ तो. आधी तिपाई फिरवून बघ स्वल्प. फरशी वाकडी असते, पाय नसतो."

मी फिरवली. बसली.

"नव्या गाडीच्या चौकटीला चार कोपऱ्यांत टेकू बसवतोय," मी म्हणालो. "चारही सारखे आवळायला माणूस नाही."

"वेल्डर आहे की."

"त्याचा संसार हलतोय."

मामा हसले. पण त्यांनी डबा उघडून आधी भाजीचा वास घेतला, आणि मगच म्हणाले, "सोमवारी येतो."

आता येतात रोज. खिशात पुन्हा पाचरी आहेत. एक फरक पडलाय, तो पोरांना कळत नाही, मला कळतो. पूर्वी ते विचारत नसत. आता स्टूल हलताना दिसलं की माझ्याकडे बघून म्हणतात, "लावू का?" मी दर वेळी "लावा" म्हणतो, न हलणाऱ्या स्टुलालाही. पण तो प्रश्न काही केल्या जात नाही.

गाडीच्या चौकटीचे चार टेकू तेच आवळतात, पाण्याच्या बुडबुड्याची पट्टी ठेवून, पुन्हा पुन्हा बघून. मग मी बटण दाबतो, खोली बाहेर येते, आणि कुणीतरी आत चढून पलंगावर बसतं. मामा जॅककडे बघतही नाहीत. ते खोलीच्या टोकाशी जातात, जरा वाकतात आणि तिच्या पोटाखाली तळहात धरून उभे राहतात. हात लावत नाहीत, दोन बोटं अंतर ठेवून. आतलं माणूस उठेपर्यंत तसेच.

मी मोटर तपासल्यासारखं करतो. खोली आत घ्यायची घाई मी हल्ली करत नाही.