बेंजोची काढलेली वायर

माझा राग डीजेवर नाही, हे आधीच सांगून टाकतो. डीजे निदान उघडउघड डीजे असतो. मी चिडलोय तो आमच्याच बेंजो पार्टीवर, जिच्यात मी पंचवीस वर्षं घासली.

सुरुवातीला आमच्याकडे एक क्लॅरिनेट, दोन ढोल आणि एक खुळखुळा, एवढंच होतं. मग बेंजो आला. लाकडी पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. बाकी कुणाची बोटं त्यावर वळेनात म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. मुरुडपासून अलिबागपर्यंत किती हळदी वाजवल्या, त्याला गणतीच नाही. बायका नाचत नाचत अगदी नाकासमोर यायच्या आणि ठेका जरा पळाला की तोंडावर सुनवायच्या, "यष्टी चुकतेय काय रे तुमची? जरा दमानं!" त्यांच्या शिव्या खाऊनच आम्ही शिकलो. आता कोण शिव्या देतंय? सगळ्यांचे हात मोबाइल धरण्यात गुंतलेले.

नंतर ऑक्टोपॅड आला, कीबोर्ड आला, टेम्पोवर स्पीकरची भिंत चढली. तेही मी सोसलं, खोटं कशाला बोलू, मजाही आली. पण माझ्या बायकोचा भाऊ पार्टीचा मालक झाला आणि त्यानं एका तालमीत माझा बेंजो गुपचूप रेकॉर्ड केला. पुढच्या आठवड्यात काशीदच्या एका रिसॉर्टवर लग्न होतं, पाहुणे मुंबई-पुण्याचे. रिसॉर्टच्या मॅनेजरबाईंनी आम्हाला लाल टोप्या आणि कमरेला रुमाल दिले. आमच्या घरात सात पिढ्या मिठागरात राबल्या, जाळं कुणी हातात धरलं नाही, आणि आम्हाला कोळी केलं! मी बेंजोची वायर स्पीकरला जोडायला गेलो तर मेहुणा म्हणाला, "भावोजी, राहू द्या. पेनड्राइव्हवर हाय सगळं. तुम्ही नुसते हात हलवा."

म्हणजे माझाच बेंजो वाजणार आणि मीच त्याच्यापुढे नाटक करणार! तालमीत एका जागी माझं बोट घसरलं होतं, ती चूकसुद्धा दर वेळी तश्शीच वाजायची. पाहुणे टाळ्या पिटत होते. एकाच्याही लक्षात येऊ नये? डोळे होते की कवड्या?

घरी येऊन मी मेहुण्याला चांगला फैलावर घेतला. "रिसॉर्टवर काय दिवे लावायचेत ते लाव. पण आजीच्या नातीच्या हळदीला मी खरं वाजवणार." आजी म्हणजे आमच्या गावची धवलारीण, लग्नातली गाणी गाणारी. आमच्याकडे रीतच आहे, तिनं हळदीनं माखलेला हात वर केला की वाजप जागच्या जागी थांबतं. ती एक कडवं गाते, मग बेंजो तेच कडवं वाजवून तिला जाब देतो, आणि त्यानंतरच नाच पुढे सरकतो. हे पेनड्राइव्हला कुठून जमणार? मेहुण्यानं पोरांची शपथ घेऊन हो म्हटलं.

हळदीच्या संध्याकाळी मी मांडवात बेंजो मांडला, नखी लावली, पहिली तार छेडली. आवाज नाही. वायर खालून काढलेली. वरून मात्र माझाच बेंजो ठणाणा सुरू झाला. मेहुणा स्पीकरमागे, माझ्याकडे बघायलाही तयार नाही.

इतक्यात आजीनं हात वर केला.

ढोलवाले थांबले. मी थांबलो. पेनड्राइव्ह कुणासाठी थांबतोय? आजीचे ओठ हलताना दिसत होते, आवाज मात्र शेजारच्या बाईलाही पोचत नव्हता. तिला वाटलं, मीच थांबत नाहीये. तरातरा माझ्यासमोर आली आणि ओरडली, "मेल्या, माझं गानं हाय! थांब की!"

मी दोन्ही हात वर करून दाखवले. बेंजो वाजतच राहिला. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं, मग तारांकडे, मग स्पीकरकडे. कुणीतरी धावत जाऊन बटण दाबलं आणि मांडव एकदम गप्प झाला. मी तोंड उघडलं, मेहुण्याच्या सात पिढ्या उद्धरायला. पण आजीच आधी बोलली, अगदी हळू आवाजात.

"मंग गेल्या हळदीला मी तुझ्या डोक्यावर हात कशाला ठेवला?"

रिसॉर्टनंतर गावातच झालेल्या त्या हळदीला तिचा घसा बसला होता. ती गायली नव्हती, ओटीवर बसून नुसती ऐकत होती. शेवटी मला जवळ बोलावून म्हणाली होती, "आज लय गोड वाजवलंस, लेका." वायर तेव्हाही काढलेलीच होती. मी वाकून तिच्या पाया पडलो होतो.