रकाने मोकळे ठेवणारी अक्का

एकदाही 'हो सर' न म्हणता पीएच.डी. पुरी करता येते, यावर माझा विश्वास बसला तो केवळ अक्कामुळे. चंदीगडच्या आमच्या विद्यापीठात असं कुणी केल्याचं त्याआधी ऐकिवात नव्हतं आणि त्यानंतरही नाही. अक्का प्राणिशास्त्र विभागात माझ्या दोन वर्षं पुढे होती, आम्हा दोघांचे गाइड एकच. ती कोल्हापूरकडची, मी अमरावतीचा. सगळ्या विभागात मराठी बोलणारी माणसं एवढीच, त्यामुळे पहिल्याच दिवशी तिने मला 'आलास व्हय लेका' म्हणून ताब्यात घेतलं. तिकडच्या बायका बोलतात तसं ती स्वतःबद्दल 'मी आलो, मी जातो' असंच बोलायची आणि हिंदीतही तेच चालवायची. 'मैं अभी खाना खाके आता हूं' असं ती म्हणाली की हॉस्टेलच्या पंजाबी मुली आधी हसायच्या. वर्षभरात त्यांतल्या निम्म्या तसंच बोलू लागल्या. तिच्या गावाकडच्या आत्यांची समजूत अशी, की पोरगी चंदगडला शिकते. चंदगड हा त्यांच्याच जिल्ह्यातला तालुका. एसटीने सहज येता येतं, तर पोरगी शनिवारी घरी का येत नाही, म्हणून त्या तिच्यावर सहा वर्षं रुसून होत्या. अक्कानेही त्यांना कधी नकाशा दाखवला नाही. 'रुसू देत की,' ती म्हणायची, 'खरं कळलं तर रडतील.'

तिचा विषय होता शेणात राहणारे भुंगे. शहराबाहेर मुल्लानपूरच्या बाजूला शेतांमधून तिने सहा जागा ठरवल्या होत्या. प्रत्येक जागी जमिनीत बरणी पुरायची, वर फडक्यात बांधलेला शेणाचा गोळा टांगायचा आणि पंधरवड्याने जाऊन बरणीत पडलेले भुंगे मोजायचे. ताजं शेण तिथल्याच एका पंजाबी आजींच्या, म्हणजे बीजींच्या, गोठ्यातून मिळायचं. ते डब्यात भरून देता देता बीजी दर वेळी विचारायच्या, 'पुत्तर, एन्ना पढ़ के गोहा ही चुकणा सी?' एवढं शिकून शेणच उचलायचं होतं का? त्यावर अक्काचं उत्तर ठरलेलं असायचं, 'बीजी, मेरी आई भी यही पूछती है.' मग दोघी समाधानाने पराठे खायच्या. परतीच्या बसमध्ये भुंगे आणि उरलेलं शेण भरलेला डबा मांडीवर घेऊन अक्का बसली, की दोन थांब्यांत आजूबाजूच्या सीटा रिकाम्या होत. कंडक्टरने पहिल्यांदा नाक धरून 'ये क्या है जी' विचारलं तेव्हा ती म्हणाली, 'रीसर्च है जी.' त्याने पुन्हा कधी चौकशी केली नाही. मी तिच्याबरोबर जाऊ लागलो तो विज्ञानाच्या ओढीने नव्हे. हमखास बसायला मिळायचं आणि चार तास मराठी बोलायला मिळायचं म्हणून.

गाइडने सांगितलेलं काम संशोधनाचं नसेल तर ते करायचं नाही, हा तिचा नेम होता. सरांच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा आम्ही सगळे रांगेत बसून निमंत्रणपत्रिकांवर पत्ते लिहीत होतो. अक्का आत आली, एक पत्रिका उचलून निरखून पाहिली आणि सरांना म्हणाली, 'सर, शादी में मैं नाचने आता हूं. पत्ते लिखने नहीं आता.' आणि खरोखरच लग्नात ती वरातीपुढे इतकी नाचली, की मुलाकडची मंडळी तिला मुलीची सख्खी बहीण समजली. तोंडी सांगितलेली कुठलीही गोष्ट ती ऐकल्यासारखी करायची आणि शांतपणे म्हणायची, 'लेखी द्या.' विभागातल्या कारकुनाला संशोधकांना 'थीसिस कब?' असं विचारायची खोड होती. या प्रश्नाने आमच्यातली चांगली धडधाकट माणसं मागच्या जिन्याने ये-जा करू लागली होती. अक्काने त्याला उलट विचारलं, 'आपका रिटायरमेंट कब जी?' त्यानंतर तो तिला पाहिलं की फाइलीत डोकं घालायचा.

माझ्या तिसऱ्या वर्षी आम्ही एका सकाळी मुल्लानपूरला गेलो, तर सहांपैकी तीन जागांभोवती निळे पत्रे उभे राहिले होते. आत जेसीबी चालू होता. नवी वसाहत होणार होती. अक्काने पहारेकऱ्याला नम्रपणे सांगितलं, की आत तिच्या तीन बरण्या आहेत. त्याने विचारलं, 'अचार की?' तिने पाठीवरची पिशवी पुढे घेतली, वही काढली आणि त्या तीन जागांसमोर लिहिलं, 'जमीन उरली नाही.' त्या दिवशी पुढच्या जागांकडे आम्ही गेलोच नाही. परतताना डबा तिच्या मांडीवर रिकामा होता, तरी का कोण जाणे, त्या दिवशी आमच्याजवळ कुणी येऊन बसलं नाही.

सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी फार विचार केला नाही. सर वाईट नव्हते. थकलेले होते, निवृत्ती जवळ आली होती आणि त्याआधी हातातले विद्यार्थी मार्गी लावायची घाई होती. ते म्हणाले, 'बाकी तीनों का एव्हरेज निकालो और भर दो. कौन गिनने आएगा?'

अक्का म्हणाली, 'कोई नहीं आएगा सर. इसीलिए नहीं भरूंगा.'

उरलेल्या तीन जागांवर तिने काम पुरं केलं आणि प्रबंध लिहिला. तक्त्यांतले नाहीशा झालेल्या जागांचे रकाने तिने मोकळे सोडले आणि ते मोकळे का, यावर एक वेगळं प्रकरण लिहिलं. सरांनी सही करायला नकार दिला. असल्या अर्धवट प्रबंधावर माझं नाव जाणार नाही, म्हणाले. पाठोपाठ लॅबमधलं तिचं टेबल एका नव्या मुलीला देण्यात आलं. दुसऱ्या दिवशी अक्काने स्टूल आणि मायक्रोस्कोप उचलला आणि सरांच्या दारासमोर, कॉरिडॉरमध्ये मांडला. कुणी विचारलं तर सांगायची, 'धरना नहीं है. काम है.' काम खरंच चालू होतं. चंदीगडची ती अख्खी थंडी तिने तिथे घोंगडं पांघरून, बोटं कापलेले हातमोजे घालून भुंगे ओळखण्यात काढली. सर आले की 'गुड मॉर्निंग सर' म्हणायची आणि पुन्हा नळीला डोळा लावायची. हळूहळू इतर विभागांतले संशोधक तिच्याकडे येऊन टेकू लागले. एकाचं प्रकरण गाइडने सहा महिने उघडून पाहिलं नव्हतं. एकीला बाळंतपणाची रजा मागितल्यावर 'मग पीएच.डी.ला आलीसच कशाला' असं ऐकावं लागलं होतं. अक्का कुणाला धीर वगैरे देत नसे. 'रडून झालं की अर्ज लिही,' म्हणायची आणि व्याकरण तपासून द्यायची.

त्याच थंडीत सरांनी मला आत बोलावलं. समोर कोरा कागद सरकवला. 'तुम साथ जाते थे. लिख दो कि जार ठीक से लगाए नहीं थे.' मग माझ्याकडे न बघता म्हणाले, 'तुम्हारी प्रोग्रेस रिपोर्ट भी मेरे पास ही है.' मी कागद खिशात घालून बाहेर आलो. तीन दिवस तो खिशातच होता आणि तीन दिवस मी मागच्या जिन्याने गेलो. चौथ्या दिवशी अक्काला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने मायक्रोस्कोपवरून मानसुद्धा पुरती वर केली नाही.

'लिही की. लेखी मागितलंय, तर लेखी दे.'

'काय लिहू?'

'पाहिलंस ते.'

मी लिहिलं, 'मी दर पंधरवड्याला सोबत जात होतो. जमीन होती तोवर बरण्या जागेवर होत्या.' माझा रिपोर्ट पुढे सहा महिने अडकला. पण त्या दोन वाक्यांइतकं चांगलं मी आजवर काही लिहिलेलं नाही. त्यात माझा प्रबंधही आला.

फेब्रुवारीत विद्यापीठाच्या तपासणीसाठी बाहेरून समिती येणार होती. भिंतींना रंग लागला, कुंड्या आल्या आणि कॉरिडॉरच्या मधोमध घोंगडं पांघरलेली अक्का तेवढी उरली. विभागप्रमुख गोडीत म्हणाले, 'दो दिन के लिए हट जाइए.' अक्का म्हणाली, 'लेखी द्या, सर.' मराठीतच म्हणाली. पण तोवर हे दोन शब्द सगळ्या विभागाला कळत होते. संशोधकाने कॉरिडॉरमधून हटावं आणि का हटावं, हे लिहून द्यायला कुणी तयार होईना. तेवढ्यात सरांचं दार उघडलं. त्यांनी हात पुढे केला आणि प्रबंध आत नेला.

दोन दिवसांनी तो परत आला. सही होती. आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, भुंग्यांच्या लॅटिन नावांतल्या चुका पेन्सिलने दुरुस्त केलेल्या होत्या. मोकळ्या रकान्यांशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'रहने दो.' ते समितीच्या धास्तीने लिहिलं की वाचून पटलं म्हणून, हे आम्हाला कधीच कळलं नाही. अक्का ते पान बराच वेळ बघत होती. मग स्टूल उचलून लॅबमध्ये ठेवून आली.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी बहुतेक प्रश्न त्या मोकळ्या जागांवरच विचारले आणि तिला ते आवडलं. महिन्याभरात मी तिला सेक्टर त्रेचाळीसच्या स्टँडवर दिल्लीच्या बसमध्ये बसवून आलो. आता ती कोल्हापूरकडच्या एका कॉलेजात तासांवर शिकवते. कायमच्या जागेसाठी मुलाखती देते, यादीत नाव येत नाही. रविवारी दुपारी मी हॉस्टेलच्या गच्चीवर उन्हात बसून तिला फोन करतो. इथे आता मराठी बोलायला तेवढाच वेळ असतो. परवा बोलता बोलता ती थांबली आणि म्हणाली, 'कंटाळलो रे.' इतक्या वर्षांत हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. धीर कसा द्यायचा ते मला कुठे ठाऊक?

'मग आता काय करणार, अक्का?' मी विचारलं.

'काय करणार. सकाळी आठला तास आहे. जातो.'

तिच्याकडून पेपर तपासत असल्यासारखा पानं उलटल्याचा आवाज येत होता. मी तो ऐकत बसलो. ऊन कठड्यावरून खाली उतरलं, गच्ची गार पडली. फोन मात्र तिनेही ठेवला नाही आणि मीही.