सपरी ओलांडलेला पाहुणा

आमच्या दिघोरीत पाहुणा आला की आधी सपरीत बसतो. घरापुढच्या त्या उघड्या पडवीत त्याला पाणी मिळतं, चहा मिळतो. बोलावल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नाही. माझ्या आत्याने, रुखमिणीने, हाच नियम यंत्राला लावला होता.

आजोबा, डोमाजी, दुसऱ्यांच्या बांध्यांत, धानाच्या शेतांत, राबले. पोरीला मात्र त्यांनी टायपिंग शिकायला भंडाऱ्याला धाडलं. सत्त्याऐंशी साली शहापूरजवळच्या एका बियाणे कंपनीने कॉम्प्युटर आणला आणि त्यापुढे आत्याला बसवलं, तात्पुरत्या नेमणुकीवर. कोणत्या गावच्या बांधीत कोणतं धान कसं पिकलं, ती मोजमापं आत्या त्यात भरी. बाहेरून फ्लॉपीवर काही आलं तर ते उघडायला तिने यंत्रात एक वेगळा कप्पा केला होता. त्याचं नाव तिने 'सपरी' ठेवलं होतं. जे यायचं ते तिथेच सुटायचं, तिथेच तपासलं जायचं.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात नागपूरहून फ्लॉपीवर एका नव्या प्रोग्रामचं गाठोडं आलं, अनेक फाईली एकात बांधलेलं. शनिवारी आत्याने ते सपरीत सोडून फाईली मोकळ्या केल्या आणि ती घरी गेली.

सोमवारी तिने मोजमापांची फाईल उघडली. दिघोरी नाही, बपेरा नाही. धानच नाही. पडद्यावर कुठल्या तरी अनोळखी शेतांतला गहू उभा होता.

रविवारी खोलीची किल्ली शिपाई भैय्यालालकडे होती. पूर्वी एकदा त्याने गंमत म्हणून स्वतःचं नाव टाइप करून पाहिलं होतं. मॅनेजर श्यामरावांना तेवढं पुरलं.

"बोटं लावलीस ना रे?"

"नाही जी साहेब, नुसतं झाडून राहिलो होतो मी. गहू कायले पेरू मी यंत्रात?"

"रुखमिणीबाई, तुमच्याकडून तर नाही झालं?"

"नाही साहेब. बाहेरचं सगळं मी सपरीतच सोडते. तिथून ते बाहेर येतच नाही."

तिने हे मनापासून सांगितलं. त्या एका वाक्यावर भैय्यालालची किल्ली काढून घेतली गेली. तो सायकल हातात धरून, न चढताच, फाटकाबाहेर गेला.

दुपारी आत्याने प्रोग्राम तपासायला गाठोडं पुन्हा सोडलं. या वेळी आतल्या फाईलींची नावं पडद्यावरून सरकताना ती बघत होती. एका नावाच्या आधी दोन टिंबं होती. यंत्राच्या भाषेत त्यांचा अर्थ 'या कप्प्यातून एक पायरी वर'. पुढे मोजमापांच्या कप्प्याचं नाव होतं आणि फाईलचं नाव तिच्या फाईलचंच.

तिला खरं वाटेना. तिने मोजमापांच्या फाईलीच्या जागी त्याच नावाची एक खोटी फाईल ठेवली. तीत फक्त आपलं नाव लिहिलं आणि गाठोडं परत सोडलं. नाव गेलं. गहू आला.

म्हणजे गाठोडं सोडणारा प्रोग्राम कुणालाच अडवत नव्हता. जी वस्तू आपला जो पत्ता सांगेल, तिथे तो तिला मुकाट नेऊन ठेवत होता, आधीचं पुसून. ज्याने प्रोग्रामसोबत नमुना म्हणून गव्हाची मोजमापं बांधून दिली, त्याच्या मनात काही वाईटही नसेल. सपरीला चुलीपर्यंत उघडं दार होतं, आणि तिने त्याच सपरीची शपथ घेऊन एका माणसाला घालवलं होतं.

त्याच महिन्यात तिला कायम करायचं ठरत होतं. ती श्यामरावांकडे गेली.

"साहेब, भैय्यालालभाऊनं काही नाही केलं. गाठोडं मी सोडलं. त्यातून झालं."

श्यामराव म्हणाले, "हे कागदावर आलं तर तुम्हाले कायम कसं करू मी, बाई?"

"नका करू. त्यायले बोलवा."

त्या वर्षी ती कायम झाली नाही. शेतावरचे मळके कागद मागवून तिने सगळी मोजमापं पुन्हा भरली. भैय्यालाल परत आला, किल्ली कमरेला अडकवून दारात उभा राहिला.

"बाई, पाहुना तुमचा, घुसला तुमच्या सैपाकात, अन् भाईर हाकललं मले!"

आत्या हसली नाही. खुर्ची पुढे सरकवून म्हणाली, "बसा, भाऊ." आणि त्या दिवशीचं नवं गाठोडं न सोडता, आत कोण कोण आहे त्यांची नावं आधी पडद्यावर मागवून, ती एकेक वाचू लागली.